जुना कॉम्प्रेसर चालेल, जुना ड्रायर नाही

मे महिन्यात हिंगोलीत पारा 42 अंशांच्या पुढे सरकला की 'एमएच-38' पासिंगच्या जुन्या गाड्यांचे एसी एकामागून एक मान टाकतात. सेनगाव किंवा कळमनुरीचा माणूस दहा-बारा वर्षं वापरलेली हॅचबॅक घेतो ती बजेट बघूनच. त्याला नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन दाखवलं की तो गाडीच्या काचा खाली करतो आणि गप्प बसतो. हात चालणारा असेल तर कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारातून निघालेला कॉम्प्रेसर मागवतो आणि अंगणातच बोनेट उघडतो.

त्याला 'जुगाडू' म्हणून हिणवण्याचं कारण नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारं आणि मोबाइलबरोबर वाहनंही होती. वस्तू मालकाला किंवा त्याच्या पसंतीच्या कारागिराला दुरुस्त करता यावी, हाच त्यामागचा विचार. प्रश्न पार्ट जुना असण्याचा नाहीच. जुना कोणता चालतो, कोणता चालत नाही आणि कोणतं काम घरी करूच नये, हे न कळण्यामुळे पैसा पाण्यात जातो.

सुरुवातच अनेकदा चुकते. एसी थंड करेना की 'गॅस संपला' असं निदान ठरलेलं. पण गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. वर्षानुवर्षांत रबरी होजमधून थोडाफार झिरपतो, मात्र एका हंगामात गॅस खरंच संपला तर कुठेतरी गळती आहे. तिथे नुसता गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याआधी केबिन फिल्टर काढून झटकावा, कंडेन्सरचा पंखा फिरतो का पाहावं, फ्यूज आणि रिले तपासावेत. सोयाबीनच्या काढणीत धूळ-भुसा उडालेल्या रस्त्यांवरून आलेली गाडी असेल, तर कंडेन्सरच्या जाळीत अडकलेला कचरा पाण्याच्या हलक्या धारेने धुतल्यावरही फरक पडतो. जोडाजवळ तेलकट डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच. गॅससोबत तेलही फिरत असतं, ते बाहेर येऊन धूळ धरतं.

कॉम्प्रेसर खरंच बसला असेल, तर जुना घेताना दुकानदाराच्या 'चालू माल आहे साहेब' या शब्दावर थांबू नये. पुलीच्या पुढची क्लच प्लेट हाताने फिरवावी. ती अडखळत किंवा करकरत असेल तर पार्ट परत ठेवावा. बॅटरीची वायर लावली की क्लचचा स्पष्ट 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मग कॉम्प्रेसर कलता करून तेलाचे दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर घ्यावेत. तेल स्वच्छ असेल तर ठीक. राखाडी असेल आणि उन्हात धरल्यावर चमचमत असेल, तर आतला धातू झिजलाय. आणि हीच तपासणी स्वतःच्या गाडीतून काढलेल्या कॉम्प्रेसरचीही करावी. त्याचा चुरा कंडेन्सरमध्ये गेला असेल, तर आजकालच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून तो धुऊन निघत नाही. तोही बदलावा लागतो, नाहीतर भंगारातून आणलेला चांगला कॉम्प्रेसरही काही दिवसांत त्याच वाटेने जातो.

ब्रॅकेट, पुली, पंखा, न गंजलेली पाइप, तपासलेला कॉम्प्रेसर हे जुनं चालतं. ड्रायर मात्र कधीच नाही. त्याच्या आतले दाणे ओलावा शोषतात, आणि भंगारात तोंड उघडं पडलेला ड्रायर आठवडाभरात हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो. ओ-रिंगही नव्याच हव्यात, त्याही काही रुपयांत मिळतात.

यानंतरचा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, तो म्हणजे व्हॅक्यूम. नळ्यांतली हवा आणि पाणी पंपाने किमान अर्धा तास खेचून काढावं लागतं. दाब खूप उतरला की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि पंपातून बाहेर पडतं. मग पंप बंद करून गेजची सुई पाहत थांबायचं. ती चढू लागली तर गळती शिल्लक आहे. ज्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी 'लायगो-इंडिया'च्या चार-चार किलोमीटर लांब निर्वात नळ्या उभ्या राहणार आहेत, तिथल्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासाच्या व्हॅक्यूमला 'टाइमपास' म्हटलं जाऊ नये.

गॅस भरणं घरी करू नये, असं स्पष्ट सांगायला हवं. टायरमध्ये साधारण 30 पीएसआय हवा असते. 40 अंश उन्हात एसी बंद असतानाही नळ्यांत 130 पीएसआयच्या आसपास दाब असतो, चालू केल्यावर तो दुप्पट होऊ शकतो. गाड्यांच्या एसीतला 134ए हा गॅस उणे 26 अंशांना उकळतो, त्याची पिचकारी डोळ्यात गेली तर दृष्टीवर बेतते. शिवाय गॅसच्या स्वस्त डब्यांतली भेसळ. 2011 साली मालवाहू शीत-कंटेनरमध्ये भेसळीचा गॅस गेल्याने कॉम्प्रेसर फुटले आणि व्हिएतनाम, ब्राझीलमध्ये कामगारांचे जीव गेले. लहान गाडीत तीनशे ते पाचशे ग्रॅम गॅस बसतो. बोनेटखालच्या स्टिकरवर नेमका आकडा असतो आणि तेवढाच तो वजन करून भरायचा असतो.

जुना गॅस हवेत सोडणं तर सर्रास चालतं. 134ए हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा 1,430 पट अधिक तापमानवाढ करतो. चारशे ग्रॅम सोडला की छोट्या पेट्रोल गाडीने जवळपास पाच हजार किलोमीटर धावून सोडावा इतका धूर वातावरणात गेल्यासारखं आहे. किगाली इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारदुरुस्तीनुसार भारत 2028 मध्ये या जातीच्या वायूंचा वापर गोठवणार आहे आणि 2032 पासून तो कमी करत नेणार आहे. तेव्हा आज फुकट सोडलेला गॅस उद्या भाव खाईल.

2019 च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञ तयार करण्याचं लक्ष्य होतं. त्यातला वाटा जिल्ह्याच्या आयटीआयपर्यंत पोचायचा तर खर्च फार नाही. एक व्हॅक्यूम पंप, गेजचा संच, वजनकाटा आणि जुना गॅस काढून साठवणारं रिकव्हरी मशीन, एवढं हिंगोली आणि वसमतला भाड्याने मिळू लागलं, चालवायला शिकलेला पोरगा सोबत आला, तर अंगणातला मेकॅनिक पार्ट स्वतः बसवेल आणि गॅस त्याच्याकडून भरून घेईल. भंगारवाल्यांनाही एक सक्ती करता येईल: कॉम्प्रेसर किंवा कूलिंग कॉइल काढली की दोन्ही तोंडांना लगेच बूच लावायचं आणि कोणत्या गाडीतून कधी काढली ते त्यावर लिहायचं. हे काम पुढच्या मार्चआधी झालं पाहिजे.