संशोधनाचा हिशेब चोख हवा

मधुमेह हा आता सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने आपल्याकडील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर असल्याचे दाखविले आहे. या दहा कोटींनी कोणती गोळी घ्यावी, हे अखेर वैद्यकीय नियतकालिकांतील शोधनिबंधांवरून ठरते. ते निबंध पुरेपूर व प्रामाणिकपणे लिहिले जातात की नाही, हा म्हणूनच केवळ तज्ज्ञांच्या वादाचा विषय नसून घरोघरच्या जिवाचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

रोसिग्लिटाझोन या औषधाची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. अमेरिकेत १९९९ साली त्यास मान्यता मिळाली. रक्तातील साखर त्याने उतरत असे, यात शंका नव्हती. परंतु २००७ साली डॉ. स्टीव्हन निसेन यांनी ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ४३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. यांतील कित्येक चाचण्या कोणत्याही नियतकालिकात छापल्याच गेल्या नव्हत्या. २०१० साली युरोपने या औषधाची विक्री थांबविली, भारताने त्यावर बंदी घातली व अमेरिकेने कडक निर्बंध लादले. २०१२ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या उत्पादक कंपनीने, सुरक्षिततेविषयीची काही माहिती सरकारी यंत्रणेस न कळविल्याचा गुन्हा अमेरिकन न्यायालयात कबूल केला.

पुढे एका मोठ्या चाचणीची फेरतपासणी होऊन २०१३ साली अमेरिकेने ते निर्बंध सैल केले. मग एवढा गहजब कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे नेमके हेच आहे. औषध दोषी की निर्दोष, हे ठरविण्यास चौदा वर्षे लागावीत व तोवर लक्षावधी रुग्णांनी ते घेत राहावे, याचे एक मोठे कारण सर्व पुरावा वेळीच उजेडात आला नाही, हे होय.

असत्य न लिहिताही दिशाभूल करता येते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील विख्यात अभ्यासात साखरेवर कडक नियंत्रण ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड इत्यादींचे सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित विकार २५ टक्क्यांनी घटले. हाच लाभ दुसऱ्या शब्दांत सांगावयाचा तर, हजार रुग्णांमागे वर्षाला होणारे असे विकार ११.४ वरून ८.६ वर आले. दोन्ही आकडे खरे आहेत व मूळ निबंधात दोन्हीही दिलेले आहेत. परंतु पहिला जाहिरातीत शोभतो आणि दुसरा रुग्णास निर्णय घेण्यास उपयोगी पडतो. गाजावाजा मात्र पहिल्याचाच होतो.

उलट, २००८ सालच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीचे उदाहरण घ्या. साखर अत्यंत कडकपणे खाली आणलेल्या गटात २५७ मृत्यू झाले, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३. संशोधकांनी तो उपचार मुदतीपूर्वीच थांबविला व हे अप्रिय सत्य तत्काळ छापले. साखर उतरली म्हणजे आयुष्य वाढलेच, असे नव्हे, हा धडा जगास मिळाला तो या सचोटीमुळेच.

नियमांची उणीव आहे, असे नाही. चाचणीचा वृत्तांत कसा लिहावा, याची ‘कॉन्सॉर्ट’ ही नियमावली १९९६ पासून आहे. २०२५ च्या तिच्या नव्या आवृत्तीत ३० कलमे आहेत. चाचण्यांची नोंदवही आपल्याकडे २००७ साली सुरू झाली व २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. तथापि नोंद झाली म्हणजे निष्कर्षही बाहेर आला, असे होत नाही. नोंदलेल्या प्रत्येक चाचणीचा निष्कर्ष, तो अनुकूल असो वा प्रतिकूल, वर्षभरात जाहीर करण्याचे बंधन असले पाहिजे. चाचणीआरंभी ठरविलेले उद्दिष्ट मागाहून बदलणारा निबंध संपादकांनी खुलाशावाचून स्वीकारू नये. आणि डॉक्टरांनी कंपनीच्या प्रतिनिधीस “किती टक्के?” एवढेच न विचारता “हजारांत किती?” असेही विचारावे.

वाण्याची वजने तपासण्यासाठी सरकारने निरीक्षक नेमले आहेत. ज्या कागदाच्या भरवशावर कोट्यवधी माणसे जन्मभर औषध घेतात, त्याचे माप तपासण्यात कुचराई होणे सुसंस्कृत समाजास शोभणारे नाही.