सोयरिकीपूर्वीं रक्ततपासणी

सोयरीक मोडेल या भयानें आमच्या खांडबारा भागांत तरुण मुलीचें दुखणें पुष्कळदां घरांतच दडपलें जातें. दडपल्यानें सिकलसेल टळत नाहीं. या आनुवंशिक विकारांत तांबड्या रक्तपेशी विळ्याप्रमाणें वांकतात. तो स्पर्शानें जडत नाहीं, कीं कोणाच्या पापानें होत नाहीं. वाहक मनुष्य दिसण्यांत निरोगीच असतो. परंतु आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव ४ पैकीं १ असतो. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं निर्मूलनाची मोहीम आरंभिली. पण घरोघरचें मौन सरकार कसें मोडणार? वडीलधाऱ्यांनींच मुलांसमक्ष हा विषय मोकळेपणें काढावा, आणि एकट्या मुलीस बोल न लावतां वराचीही तपासणी आधीं करवावी, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.