पहिल्या दिवसाची जकात

परक्या नगरांत उतरणाऱ्या अल्पवित्त प्रवाशास पहिल्या दिवसाची जकात बहुधा भरावीच लागते. गेल्या पौषांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा जर्मन स्नेही महिनाभर राहावयास घाटकोपरास आला. सहारच्या विमानतळावरून आणतांना मोटारवाल्यानें त्याजपासून १५०० रुपये उपटले! अतिथीची अशी नाडणूक व्हावी, तीही आपल्याच गांवीं, याची आम्हांस फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं त्यास घेऊन आम्ही मुद्दाम तोच मार्ग क्रमिला. २०२४ पासून भुयारी मेट्रो विमानतळाशीं थांबते. पुढचेंच स्थानक मरोळ नाका. तेथें वर चढून २०१४ सालीं सुरू झालेल्या मेट्रोनें थेट घाटकोपर. दोघांस मिळून १०० रुपयेहि लागले नाहींत. (हिशेब टिपून ठेवण्याची आमची खोड जुनी आहे.)

पाहुणा म्हणाला, "पण गुरुजी, मी रात्रीं अडीचला उतरलों. तेव्हां ही गाडी असते काय?"

नसते. शिवाय घरची लिफ्ट बंद होती, नि त्याच माणसानें पेटी चार मजले वाहून आणिली, हेंहि त्यानें आतां सांगितलें.

"अशा वेळीं उजाडेपर्यंत विमानतळावरच बसावें," आम्ही म्हणालों.

"आपण बसलां असतां?"

आमच्यानें तें झालें नसतें, हें आम्हीं कबूल केलें.