सणांचे पंचांग आता कोण ठरवते?

नाताळ संपला, असे बेंगळूरुतील दुकानांच्या काचा सांगू लागल्या त्याला आता दहा दिवस होत आले. २६ डिसेंबर उजाडताच सांताक्लॉजची जागा नववर्षाच्या मेजवान्यांनी आणि हंगामअखेरच्या सवलतींनी घेतली. ख्रिस्ती परंपरेच्या हिशेबाने मात्र नाताळ २५ डिसेंबरला संपत नाही. तो त्या दिवशी सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. गोव्यात चांदर, कांसावली आणि रेईश मागूश येथे या सणाचे फेस्त अजूनही थाटात होते. म्हणजे चर्चच्या दृष्टीने नाताळ अद्याप सरलेला नाही आणि बाजाराच्या दृष्टीने तो केव्हाच शिळा झाला आहे.

सुरुवातीबाबतही हाच उलटा प्रकार दिसतो. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ हा ‘आगमनकाळ’. गेल्या वर्षी तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला. या दिवसांत वेदीवर जांभळी वस्त्रे असतात, प्रार्थनेचा सूर संयमाचा व आत्मपरीक्षणाचा असतो. सारा भर वाट पाहण्यावर असतो. बेंगळूरुच्या मोठ्या हॉटेलांत मात्र सुकामेवा रममध्ये भिजवण्याचे जाहीर सोहळे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होतात. दिवाळीच्या पणत्या काढून ठेवताठेवताच मॉलमध्ये प्लास्टिकचे सूचिपर्णी वृक्ष उभे राहतात. ज्या देशात ‘थँक्सगिव्हिंग’ साजरा होत नाही, त्या देशात त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘ब्लॅक फ्रायडे’ मात्र निष्ठेने पाळला जातो. २०२५ मध्ये तो २८ नोव्हेंबरला, म्हणजे आगमनकाळाच्या दोन दिवस आधी आला. प्रतीक्षेचा काळ सुरू होण्याआधीच खरेदीचा काळ रंगात आलेला होता.

मी ख्रिस्ती नाही. या सणाच्या पावित्र्याची राखण करण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, आणि तो मला नकोही आहे. मला चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. समाजाने केव्हा काम करावे, केव्हा थांबावे, केव्हा आनंद करावा, हे ठरवणारे वेळापत्रक ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती हळूहळू, कोणतीही चर्चा न होता, खासगी ताब्यात जात आहे, आणि या प्रक्रियेचे एक मोठे केंद्र मी राहतो ते शहर आहे.

फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली बेंगळूरुत सुरू झाली. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी तिने आपला पहिला ‘बिग बिलियन डे’ योजला. तेव्हा तो एका दिवसाचा होता. पुढे तो आठवड्याचा झाला आणि मागेमागे सरकत गेला. २०२४ मध्ये हा सेल सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाला. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या २ ऑक्टोबरला होती. म्हणजे देशातील सर्वांत गाजावाजा झालेल्या खरेदीपर्वांपैकी एकाचा प्रारंभ ऐन पितृपक्षात झाला. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणू नये, हा मराठी घरांतला जुना संकेत कोणी मानो वा न मानो. वर्षातले काही दिवस बाजाराला ‘थांब’ म्हणण्याची ती एक रीत होती. कोणत्याही धर्मसुधारकाच्या तर्काला जे इतक्या सहज जमले नाही, ते एका सवलतीच्या फलकाने करून टाकले. तेव्हा नाताळाचे जे झाले आहे ते एकट्या नाताळाचे झालेले नाही.

बाजाराने दिनदर्शिकेला हात घालण्याचा इतिहास जुना आहे. १९३९ साली अमेरिकेत नोव्हेंबर महिन्यात पाच गुरुवार आले आणि थँक्सगिव्हिंग ३० तारखेला पडत होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील, अशी तक्रार मोठ्या दुकानदारांनी केली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तो सण एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी नवी तारीख मानली, काहींनी जुनी. देशात दोन वेगवेगळे थँक्सगिव्हिंग साजरे झाले आणि अखेर १९४१ मध्ये काँग्रेसला कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित करावा लागला. यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे सणाची तारीख हलवण्यासाठी व्यापाऱ्यांना सरकारकडे जावे लागले, त्यावर उघड वाद झाला आणि निर्णय लोकप्रतिनिधींनी केला. आज कोणाकडेही जावे लागत नाही. एका कंपनीच्या बैठकीत तारीख ठरते आणि लाखो कामगारांचे महिन्याचे वेळापत्रक बदलते.

आपल्या प्रजासत्ताकाने काळ हा विषय कधी गौण मानलेला नव्हता. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून आलेले राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून लागू झाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतही हाच विचार आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे; सणासमारंभांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षातून पंधरा दिवसांहून अधिक नाही. सण हवा, परंतु त्याचा भार शेजाऱ्यावर किती दिवस टाकायचा याला मर्यादा हवी, हे तत्त्व आपण आवाजाबाबत मान्य केले आहे. श्रमाबाबत ते मान्य केलेले नाही.

लांबलेल्या हंगामाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हे पाहिले की हा प्रश्न अभिरुचीचा नसून धोरणाचा आहे हे कळते. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२१ मध्ये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना चोवीस तास खुले राहण्याची मुभा दिली. दिवसाला आठ तास काम, आठवड्याची सुट्टी अशा अटी तीत आहेत. पण हंगाम जेव्हा पंधरवड्याचा असतो तेव्हा ‘जरा निभावून नेऊ’ म्हणता येते; तो सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत पसरला की निभावणे हीच नोकरी होते. मॉलमधील विक्रेती, गोदामात खोकी भरणारा तरुण, रात्री अकरा वाजता केक पोचवणारा दुचाकीस्वार यांच्यासाठी सणासुदीचा काळ म्हणजे रजा नाकारली जाण्याचा काळ. गेल्या महिन्यात गिग कामगारांच्या संघटनांनी देशव्यापी संपाची हाक दिली. योग्य मोबदला, सुरक्षितता आणि दहा मिनिटांत माल पोचवण्याच्या सक्तीचा शेवट, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांनी निवडलेले दिवस होते २५ आणि ३१ डिसेंबर. आपली अनुपस्थिती केव्हा जाणवेल हे त्यांना नेमके ठाऊक होते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. या हंगामावर अनेकांची पोटे अवलंबून आहेत. बेंगळूरुच्या फ्रेझर टाउनमध्ये १९०२ पासून चालत आलेली अल्बर्ट बेकरी एका मुस्लिम कुटुंबाची आहे, आणि ख्रिस्ती सणांचे जिन्नस तेथे सर्व धर्मांचे लोक रांग लावून घेतात. अशा दुकानांना डिसेंबर महिना वर्षभराचा आधार देतो. शिवाय आधीपासून तयारी करणे हे काही बाजाराचे पाप नव्हे. उत्तम केकसाठी मनुका आणि संत्र्याच्या साली आठवडेच्या आठवडे मुरवाव्याच लागतात, आणि मंगळूरु-गोव्याकडच्या घरांत नेवऱ्या, कुलकुले करायला सारे घर डिसेंबरात एकत्र बसते. पण घरची तयारी आणि बाजाराची घाई यांत भेद आहे. पहिलीत माणसे सणाची वाट पाहतात. दुसरीत वाट पाहणेच नाहीसे होते. ‘शेवटचे दोन नग उरले’, ‘सवलत दहा मिनिटांत संपेल’ असे सांगून खोटी निकड निर्माण करणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध प्रकार आहे. सणाच्या दिवसांत तो सर्रास का चालावा?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही मित्र म्हणतात, की बाजाराने नाताळाला सर्वांचा सण केले. धर्माधर्मांतल्या भिंती जिथे राजकारण उंच करते, तिथे मॉल त्या पाडतो. मलाही असे वाटले असते तर बरे झाले असते. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात ख्रिस्ती लोकसंख्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरुचे मॉल नेहमीप्रमाणे रोषणाईने झगमगत असताना बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. तारीख होती २३ डिसेंबर. त्याच दिवशी चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील सुसैपाळ्य येथील चर्चमध्ये संत अँथनींच्या मूर्तीची मोडतोड झाली. विधेयकाच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. पण नाताळच्या दोन दिवस आधी एका अल्पसंख्य समाजाला कोणता संदेश जातो, याचा विचार सभागृहाने केलेला दिसला नाही. आणि ज्या व्यापाऱ्यांनी त्यांचा सण महिनाभर विकला होता, त्यांच्यातून निषेधाचा मोठा सूर मला तरी ऐकू आला नाही. गेल्या महिन्यात रायपूरमध्ये तर जमावाने मॉलमध्येच शिरून नाताळची सजावट तोडली. बाजाराचे स्वागत ग्राहकासाठी असते. ते नागरिकाला संरक्षण देऊ शकत नाही.

बेंगळूरुत लोकांनी खरोखर आपला मानलेला ख्रिस्ती उत्सव वेगळाच आहे. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला मारियेच्या जन्मोत्सवाने त्याची सांगता होते. असंख्य भाविक भगवी वस्त्रे नेसून येतात. त्यांत हिंदू आणि मुस्लिमही असतात. मराठी वाचकांना हा उत्सव कदाचित गेल्या सप्टेंबरातील वादामुळे माहीत असेल. शिवाजीनगर मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करू, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या याच उत्सवात म्हणाले आणि महाराष्ट्रात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. नावाच्या त्या वादात शिवाजीनगरच्या गल्ल्यांतील हे एकत्र नांदणे बाजूला पडले. या उत्सवासाठी कोणताही मॉल झाड उभे करत नाही, कारण त्यात विकण्यासारखे फारसे नाही. त्यातली एकोप्याची भावना मात्र मॉलमधल्या नाताळापेक्षा कितीतरी खरी आहे.

यावर उपाय म्हणून सजावटीवर किंवा सेलवर बंदी घालावी असे मी म्हणणार नाही. तशी बंदी मागणारे कोण असतात हे आपण पाहतोच आहोत. उपाय हंगामाच्या खर्चाचे न्याय्य वाटप करण्यात आहे. पहिली गोष्ट, सेलच्या घोषित काळात जादा तासांचा दुप्पट मोबदला आणि साप्ताहिक सुट्टी प्रत्यक्षात मिळते की नाही, याची तपासणी कामगार खात्याने त्याच काळात करावी, मार्चमध्ये नव्हे. दुसरी, विक्रेत्यांना बसण्याची सोय देणे केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने बंधनकारक केले. हा खर्च एका खुर्चीचा आहे आणि देशभर तो करता येण्याजोगा आहे. तिसरी, कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्यानुसार प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के इतके कल्याण शुल्क कंपन्यांकडून घ्यायचे आहे. सणाच्या हंगामात हे शुल्क वरच्या टोकाला न्यावे आणि त्यातून अपघात विमा व सक्तीच्या विश्रांतीची भरपाई द्यावी. मुंबई-पुण्यात हाच हंगाम याच घाईने चालतो. महाराष्ट्रानेही या तरतुदींकडे बारकाईने पाहायला हवे. चौथी, दुकानांत आणि गोदामांत काम करणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या धर्माच्या मुख्य सणाची एक रजा हक्काने मिळावी, आणि ती हंगामाच्या नावाखाली नाकारता येऊ नये.

मराठी घरांच्या भिंतीवर १९७३ पासून टांगली जाणारी ‘कालनिर्णय’ दिनदर्शिका एकाच पानावर एकादशी, ईद आणि नाताळ दाखवते. तिच्यात सणाचे चौकोन आहेत तसेच पुष्कळ रिकामे चौकोनही आहेत, आणि त्या रिकाम्या चौकोनांमुळेच सण उठून दिसतात. येत्या आठवड्यात प्रजासत्ताक दिनाच्या सेलच्या जाहिराती सुरू होतील. राज्यघटना लागू झाली तो दिवसही खरेदीचे निमित्त होईल. त्या गदारोळात माल भरणाऱ्या आणि पोचवणाऱ्या किती जणांना २६ जानेवारीची सुट्टी मिळते, हे कामगार खात्यांनी मोजून जाहीर करावे. तेवढ्याने सुरुवात झाली तरी पुरे.