हिशेब मागण्याचा अपराध

मार्शल टिटो यांचें नांव निघालें कीं आमच्याकडील वयस्क सुशिक्षितांना अद्याप 1961 सालची बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद आठवते. आणि युगोस्लाव्हिया म्हणजे रशियाची जुलूमशाही व अमेरिकेची सावकारी या दोहोंमधून काढलेली एक सुखाची पायवाट होती, असा निर्वाळा ते देऊन टाकतात. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. ज्यांना ती सोडवत नसेल त्यांनीं क्रोएशियाच्या सावका दाब्चेविच्-कुचार या बाईंचें चरित्र एकवार नजरेखालून घालावें.

सावकाबाईंचा जन्म 1923 सालीं कोर्चुला बेटावर झाला. महायुद्धांत त्या टिटोंच्या पक्षाला मिळाल्या व पुढें झाग्रेबच्या विद्यापीठांत अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. कम्युनिस्ट राजवटींत राहून त्यांनीं प्रबंध लिहिला तो मार्क्सवर नव्हे, तर केन्सवर! 1967 सालीं त्या क्रोएशियाच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुख झाल्या. युरोपांतील पहिली स्त्री-पंतप्रधान म्हणून त्यांचा गौरव करण्याची एक चाल पडली आहे. परंतु क्रोएशिया हें तेव्हां संघराज्याचें केवळ एक घटक राज्य होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या बिरुदाचें फारसें कौतुक उरत नाहीं. त्यांचें महत्त्व निराळें आहे. 1969 पासून क्रोएशियांतील कम्युनिस्ट संघटनेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे होतें, आणि त्या जागेवरून त्यांनीं एक गैरसोयीचा प्रश्न विचारला.

प्रश्न हिशेबाचा होता. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर परदेशी प्रवासी येत. क्रोएशियांतील असंख्य मजूर जर्मनींत राबून घरीं मार्क पाठवीत. या परकीय चलनाचा मोठा भाग केंद्राच्या खजिन्यांत व बेलग्रेडच्या बँकांत जाई. मिळवणाऱ्या राज्याच्या हातीं त्यांतलें किती राहावें आणि तें कोणीं ठरवावें, हा सावकाबाईंचा व त्यांचे सहकारी मिको त्रिपालो यांचा मुख्य सवाल. यास राष्ट्रद्रोह म्हणावयाचें असेल तर भागीदारानें दुकानाची वही पाहूं मागणें हीहि चोरीच म्हणावी लागेल!

यावर प्रतिपक्षाचें उत्तर ठरलेलें आहे : चळवळ वहीपाशीं थांबली नाहीं. तें खरें आहे. भाषेचा अभिमान, ध्वजांची गर्दी, निराळ्या सैन्याच्या गोष्टी हें सारें तींत शिरलें. आणि क्रोएशियांत शेंकडा सुमारें 14 असलेल्या सर्ब लोकांना महायुद्धांतील उस्ताशांच्या कत्तली आठवूं लागल्या. त्यांची भीति वेळींच दूर करणें हें सावकाबाईंचें कर्तव्य होतें, व तें त्यांनीं पुरतें बजावलें नाहीं. टाळ्यांचा कडकडाट त्यांना गोड लागला असावा. परंतु या दोषावर औषध होतें तें उघड्या वादाचें, विधिमंडळाचें, मतदानाचें. टिटोंनीं कोणतें योजलें?

1971 च्या सप्टेंबरांत झाग्रेबला येऊन हे गृहस्थ तेथील कारभाराविषयीं समाधान व्यक्त करून गेले होते. नोव्हेंबरांत याच चलनाच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनीं संप पुकारला. तेव्हां डिसेंबरच्या आरंभीं टिटोंनीं क्रोएशियाच्या पुढाऱ्यांना कारादोर्देव्हो येथील आपल्या शिकारीच्या वाड्यावर बोलावून घेतलें. 12 डिसेंबरला सावकाबाईंनीं राजीनामा दिला. दुसऱ्या वर्षीं त्यांना पक्षांतूनहि काढण्यांत आलें. विद्यार्थी, लेखक, प्राध्यापक तुरुंगांत गेले. ज्या जनतेच्या नांवानें हें राज्य चालत असे तिला कोणीं अवाक्षरानेंहि विचारलें नाहीं. आणि सांगण्यास खेद वाटतो, पण सावकाबाईंनींहि तेव्हां तिच्याकडे धांव घेतली नाहीं. पक्षाची शिस्त त्यांच्याहि हाडीं मुरलेली होती.

गंमत अशी कीं, 1974 सालच्या राज्यघटनेनें घटक राज्यांना पुष्कळसे अधिकार देऊन टाकले. मागणी करणारीं माणसें अपराधी आणि मागणी मात्र ग्राह्य! हा न्याय कोणत्या मार्क्सच्या ग्रंथांत सांपडतो, तें टिटोंच्या भक्तांनीं आम्हांस दाखवावें.

सावकाबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर ज्या मिल्का प्लानिंत्स बसल्या, त्याच 1982 सालीं सबंध युगोस्लाव्हियाच्या पंतप्रधान झाल्या. टिटो दोन वर्षांपूर्वींच वारले होते. मागें राहिलें होतें सुमारें दोन हजार कोटी डॉलरांचें परदेशी कर्ज. पेट्रोलला कुपनें लागलीं, कॉफी बाजारांतून नाहींशी झाली, देशाबाहेर जावयाचें तर अनामत रक्कम भरावी लागे. बाई करड्या व कर्तबगार होत्या, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जी वही पाहूं मागितली म्हणून एका अर्थशास्त्रज्ञ स्त्रीला घरीं बसविलें, तीच त्यांना शेवटीं सावकारांच्या देखत उघडावी लागली.

सावकाबाई तब्बल अठरा वर्षें मूक होत्या. 1990 सालीं त्या पुनः राजकारणांत उतरल्या, नवा पक्ष काढला, आणि 1992 सालीं अध्यक्षपदासाठीं उभ्या राहिल्या. त्यांना शेंकडा सहा मतें पडलीं. निवडून आले ते फ्रान्यो तुज्मान. 1972 च्या धरपकडींत तुरुंगांत गेलेल्यांपैकीं ते एक होते.