लिंबूटिंबूचे स्थान

मुलांनी मैदानात खेळावे की पडद्यासमोर बसावे, हा वाद आज घरोघरी चालू आहे. त्यात बोलणारे बहुधा वैद्य, मानसशास्त्रज्ञ आणि पालक असतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यात पडावे असे सहसा कोणाला वाटत नाही. स्वतः अभ्यासकालाही वाटत नाही. डोळे बिघडतात, वजन वाढते, झोप उडते, हे विवेचन आपल्या जागी योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली लहान मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एक वर्षाच्या आतील मुलाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये, असे सांगितले आहे. परंतु तासांच्या या हिशेबात एक गोष्ट सुटून जाते. खेळ म्हणजे केवळ शरीराची हालचाल नव्हे. खेळ ही एक मौखिक परंपरा आहे आणि तिचे कर्ते व वाहक मुलेच आहेत. ती परंपरा खंडित होत असेल, तर तो आपल्या अभ्यासक्षेत्राचाही प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या परंपरेचा एक पुरावा पाहू. महाराष्ट्रातील मुले पिढ्यान्‌पिढ्या विटीदांडू खेळताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी गणती करीत आली. या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. प्रत्येक शब्दाला विटी टोलविण्याची एक निराळी तऱ्हा जोडलेली आहे, एवढेच ठाऊक होते. तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ ही एक ते चारची गणती शेजारी मांडली की नाते लपत नाही. मराठी आणि द्राविडी भाषांच्या सहवासाची ही खूण प्रौढांच्या व्यवहारात नव्हे, तर पोरांच्या तोंडी टिकली. ती कोणी शिकविली नाही, छापली नाही, परीक्षेला लावली नाही. दहा वर्षांच्या मुलाने ती सात वर्षांच्या मुलाला दिली आणि तीन वर्षांनी त्याने ती पुढे दिली. आयोना व पीटर ओपी या दांपत्याने इंग्लंडमधील शाळकरी मुलांच्या भाषेवर १९५९ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही हीच गोष्ट ठळकपणे पुढे आली: मुलांचे हे धन आईबापांकडून नव्हे, तर मुलांकडून मुलांकडे जाते.

याच खेळाला हिंदीत गुल्ली-डंडा, बंगालीत डांगुली, कन्नडमध्ये चिन्नि-दांडु, तर मल्याळममध्ये कुट्टियुम् कोलुम् म्हणतात. नावे भिन्न, रचना बव्हंशी एक. तुलनाकाराने येथे थोडे थांबावे. पकडापकडीत ज्याच्यावर पाळी येते, त्याच्यावर मराठीत ‘राज्य’ येते. म्हणजे राज्य ही शिक्षा ठरते. हिंदीत हरणाऱ्याला ‘दाँव’ द्यावा लागतो. म्हणजे तेथे ते देणे ठरते, फेडावयाचे ऋण ठरते. प्रेमचंदांच्या ‘गुल्ली-डंडा’ या कथेचा सारा पेच या ऋणाभोवती फिरतो. बालपणी दाँव वसूल करण्यासाठी भांडणारा गया पुढे अधिकारी झालेल्या मित्राला मुद्दाम जिंकू देतो, आणि त्या क्षणी खेळ संपतो; उरते ती दोघांतील पायरी. भांडण होते तोवर समता होती, हे प्रेमचंदांनी ओळखले होते.

तथापि या शब्दसंपदेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द मला ‘लिंबूटिंबू’ हा वाटतो. ज्याला धड पळता येत नाही, नियम कळत नाहीत, पण ज्याला घरी परत पाठविताही येत नाही, असे धाकटे भावंड म्हणजे लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. तरी तो खेळात असतो. बंगाली मुले अशा भिडूला ‘दूधभात’ म्हणतात. कल्पना तीच, केवळ रसना निराळी. ही निव्वळ दया नव्हे. ही त्या मौखिक परंपरेची प्रवेशिका आहे. लिंबूटिंबू वर्षभर नुसता ऐकतो, पाहतो, मोठ्यांचे तंटे आणि त्यांचे निवाडे कानात साठवितो. आणि एके दिवशी ‘आता माझ्यावरही राज्य आले पाहिजे’ असा हट्ट धरतो. तो हट्ट म्हणजे त्या समाजाचे नागरिकत्व मागणे होय.

पडद्यावरील खेळात लिंबूटिंबूला स्थान नाही. यंत्र प्रत्येक मुलाला त्याच्या वकुबाची पायरी तत्काळ देते. त्यामुळे दुर्बळासाठी नियम वाकविण्याची गरज कोणाला पडत नाही, आणि नियम वाकविण्याचा अधिकारही कोणाला उरत नाही. ‘आउट की नॉट आउट’ हा वाद तेथे संभवत नाही. निर्णय यंत्रात आधीच घातलेला असतो. जाळ्यावरून एकत्र खेळणारी मुले बोलतात, एकमेकांना चिडवितात, नवे शब्दही घडवितात, हे मान्य केले पाहिजे. पण ती ज्या संहितेत वावरतात, तिचे कर्तृत्व दूरच्या एखाद्या कंपनीकडे असते. मैदानातील मूल कर्ता होते. पडद्यावरील मूल, कितीही चपळ असले तरी, मुख्यतः ग्राहक असते.

या बदलाचे दोषपत्र मुलांच्या किंवा यंत्राच्या नावे लिहिणे सोपे आहे. दिल्लीतील सरोजिनी नगराकडे पाहिले म्हणजे ते अन्यायाचेही ठरते. पूर्वी विनयनगर म्हणून ओळखली जाणारी आणि आज एका कवयित्रीचे नाव धारण करणारी ही वसाहत स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविली गेली. ठेंगण्या इमारती, मधोमध मोकळे चौक, भोवती झाडे, अशी तिची घडण. सरकारी नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे अशा वसाहतींत शेजारी नांदली. त्यांना जोडणारी भाषा कार्यालयात एक आणि अंगणात दुसरी. लगोरीचे पिट्ठू होणे, ठिकरीचे स्टापू होणे, हे भाषांतर येथे कोणत्याही अकादमीच्या अनुदानाविना होत असे. मराठी मुलाने घरची मराठी आणि अंगणातली हिंदी यांचा सांधा जुळविला तो चौकात. प्रकाश नारायण संतांच्या लंपनची, सीमाभागातील कानडीचे पाणी लागलेली मराठी आपल्याला गोड वाटते. तीही अशाच गल्लीबोळांत आणि पोरांच्या संगतीत मुरलेली आहे.

२०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मान्यता दिली. त्यांत सरोजिनी नगर होते. सुमारे १३,००० घरांच्या जागी २५,००० हून अधिक घरे उभारावयाची, असा तो संकल्प. २०१८ च्या जूनमध्ये नागरिक येथील झाडांना मिठी मारून उभे राहिले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि वृक्षतोडीला काही काळ खीळ बसली. त्या वेळी झाडांची मोजदाद झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु त्या झाडांखाली कोणते खेळ चालत, याची मोजदाद कोणी केली नाही. घरांची गरज खोटी नाही. पण घरांच्या आराखड्यात वाहनतळ हिशेबाने आखला जातो, उद्यान शोभेसाठी आखले जाते, आणि मुलांना मातीत रेघ ओढता येईल अशी बिननावाची जागा कोणाच्याच रकान्यात बसत नाही.

पालकांचे भयही काल्पनिक नाही. २९ ऑक्टोबर २००५ रोजी येथील बाजारात झालेला बॉम्बस्फोट हा परिसर विसरलेला नाही. रस्त्यावरील वाहने तर रोजचीच. २०२० च्या मार्चपासून टाळेबंदीने मुलांना घरात कोंडले आणि शाळाच फोनमध्ये आली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हवा इतकी विषारी झाली की दिल्लीतील वर्ग पुन्हा काही दिवस पडद्यावर भरवावे लागले. बाहेर जाऊ नको असे प्रौढांनीच सांगावयाचे, हाती यंत्र प्रौढांनीच द्यावयाचे, आणि मूल बाहेर जात नाही अशी तक्रारही प्रौढांनीच करावयाची, हा न्याय विलक्षण आहे.

दुसऱ्या बाजूने एक सावधगिरी आवश्यक आहे. गतकालातील अंगण सर्वांचे होते, असे समजणे हा भाबडेपणा होईल. गावातील खेळाचे रिंगण जातीच्या रेषेने आखलेले असे. दलित आत्मकथने वाचलेल्या कोणालाही हे सांगावयास नको. मुलींचे खेळ उंबरठ्याने आणि पंचांगाने बांधलेले होते: भोंडला आश्विनात, मंगळागौर श्रावणात, आणि तेही वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली. लिंबूटिंबूला सामावून घेणारा तोच समाज कित्येकांना रिंगणाबाहेर उभे करीत होता. ज्या मुलीला बाहेर सोडले जात नाही, तिला यंत्राने बाहेरच्या जगाशी बोलण्याची वाट दिली. परप्रांतातील नातवाला आजीचा चेहरा आणि तिची मराठी दिली. हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच मागणी जुन्या अंगणाची नव्हे, सर्वांना प्रवेश असलेल्या नव्या अंगणाची असली पाहिजे.

केवळ बंदीने ते मिळणार नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. सामुदायिक निश्चयाचे ते उत्तम उदाहरण आहे. पण तेथेही मोकळा झालेला वेळ मुख्यतः अभ्यास व वाचन यांच्या वाट्याला गेला. खेळाला स्वतःचा अधिकार आहे, हे अजून आपल्या गळी उतरलेले नाही. वस्तुतः भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात तो अधिकार नोंदलेला आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. ती क्रीडांगणे शाळा सुटल्यावर वस्तीतील मुलांना खुली करणे, हा खर्चाचा नव्हे, इच्छेचा प्रश्न आहे.

खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा २०२५ च्या जानेवारीत दिल्लीतच भरली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. याचा आनंद आहे. पण बंदिस्त क्रीडागृहातील खेळात पंच असतो, वयोगट असतो, निवड असते, लिंबूटिंबू नसतो. खेळ जगणे आणि खेळाची परंपरा जगणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या विद्यापीठीय विभागांकडे यात काम आहे. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध केला, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड संपादिले. त्यानंतर बहुभाषिक शहरी वसाहतींतील मुलांची खेळभाषा नोंदविण्याचे काम बव्हंशी तसेच राहिले आहे. ज्यांनी सरोजिनी नगराच्या चौकात दाँव दिले आणि राज्य घेतले, ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्याकडून शब्द, नियम आणि तंट्यांचे निवाडे उतरवून घेता येतील. अर्थात, नोंद म्हणजे जीवन नव्हे. वकट-लेंड ही गणती कोशात सापडेल. ती कोणी कोणाला शिकवावयाची, याचे उत्तर कोशात नाही. ते उत्तर वेगवेगळ्या वयांची चार मुले एका मोकळ्या जागेत एकत्र येतात, तेव्हाच मिळते. ती जागा ठेवावयाची की नाही, हे मात्र मुलांच्या हाती नाही.