बँडवाल्यांची गाणी आणि आमचे कान

गेल्या लग्नसराईत एका विद्यार्थिनीच्या विवाहानिमित्त बालाघाटास जाण्याचा योग आला. गोंदियाहून रेल्वेने हे अंतर तासाभराचे. १९५६ पूर्वी नागपूर हीच या गावाचीही राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत गोंदिया एका बाजूस गेले व बालाघाट दुसऱ्या. परंतु वैनगंगेकाठच्या जुन्या मराठी घरांतली सोयरीक काही नकाशा पाहून होत नाही. असो. सांगावयाचे आहे ते वरातीविषयी.

वरातीच्या पुढे मालमोटारीवर रचलेले डीजेचे ध्वनिक्षेपक होते, आणि मागे आठ माणसांचा एक बँड. बँड होता म्हणावयाचे इतकेच; कारण पुढच्या गडगडाटात त्याचा एक सूर ऐकू येत नव्हता. ट्रम्पेटवाला वाजवण्याचा नुसता आविर्भाव करीत चालला होता. पुढे वधूगृहाची गल्ली अरुंद निघाली, मालमोटार तोंडाशीच अडली, आणि शेवटली शंभर पावले बँडच्या वाट्याला आली. बँडमास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावून मित्राच्या लग्नाचे ते सुप्रसिद्ध गाणे काढले. क्षणात आजोबा आणि नातू एका तालात आले. एवढा वेळ वरात चालली होती. ती आता नाचू लागली.

हे गाणे १९७७ च्या ‘आदमी सडक का’ या चित्रपटातले, संगीत रवी यांचे. मुलीच्या पाठवणीला जे गाणे आजही डोळे ओले करते, ते १९६८ च्या ‘नीलकमल’मधले, तेही रवींचेच. आणि ज्या पुंगीच्या धुनेवर वरातीत लोक जमिनीवर लोळतात, ती १९५४ च्या ‘नागिन’मधली. तिचे संगीत हेमंतकुमारांचे, पण त्या वेळी रवी त्यांचे सहायक होते. एका माणसाच्या हातून आपल्या लग्नघराचा एवढा मोठा भाग घडावा, आणि पंगतीत त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसावे, हे नवलच.

सत्तरच्या दशकातली गाणीच बँडवाल्यांनी का धरून ठेवली? केवळ स्मरणरंजन हे त्याचे उत्तर नव्हे. ती गाणी माणसांनी वाजवण्यासाठी बांधलेली होती. लक्ष्मीकांत-प्यारेलाल काय, राहुलदेव बर्मन काय, त्यांच्या ध्वनिमुद्रणाला वादकांचा मोठा ताफा बसे. त्यातल्या कित्येक गोमंतकीय वादकांचे शिक्षण चर्चच्या शाळांत स्वरलिपीवर झालेले होते. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये ज्यांचे नाव गाजले ते अँथनी गोन्सालवीस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. अशा मंडळींच्या मेळात मुखड्याआधी एक तुकडा, दोन अंतऱ्यांमध्ये दुसरा, आणि प्रत्येक तुकड्याला ट्रम्पेट वा सॅक्सोफोनचा धनी. रेडिओवर ऐकून हे सारे गल्लीतल्या बँडला जसेच्या तसे उचलता येई. आपल्याकडे ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘पांडू हवालदार’ (१९७५) यांची गाणीही याच वाटेने वरातीत शिरली. आजच्या पुष्कळशा गाण्यांत चाल थोडी आणि यंत्राचा ठोका फार. तो ठोका पितळी नळीतून निघत नाही, यात बँडवाल्याचा काय दोष?

आता कायद्याकडे वळू. मध्य प्रदेशच्या नव्या मुख्यमंत्र्यांनी १३ डिसेंबर २०२३ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, मर्यादेबाहेरच्या ध्वनिक्षेपकांना आळा घालणारा आदेश काढला. आता बँडचे दिवस पालटतील असे पुष्कळांस वाटले. मलाही वाटले. परंतु हा आदेश ज्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांवर उभा आहे, त्यांतली २०१० ची दुरुस्ती पाहावी. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाप्रमाणे वाद्यालाही मनाई आहे. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल; ती तर साध्या ढोलानेही ओलांडली जाते. म्हणजे नियमाच्या लेखी मालमोटारभर ध्वनिक्षेपक आणि आठ माणसांचा श्वास सारखेच. डीजेला आवाज कमी करता येतो. माणसे कमी केली की बँडच उरत नाही.

दुसरा कायदा हक्काचा. लग्नात चित्रपटगीत वाजवल्याबद्दल पैसे मागण्याचे प्रकार होत असत. लग्न व त्यासंबंधीचे समारंभ यांस कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, असा खुलासा केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये केला. तेव्हा त्या बाजूने बँडवाल्याला भय नाही. सारांश, कायदा बँडला मारीत नाही आणि तारीतही नाही.

मग मारतो कोण? याचे उत्तर देताना मला स्वतःकडे बोट करावे लागते. माझे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत दरबारच्या चाकरीत होते. दरबारी गवई आणि पलटणीचा बँड एकाच खजिन्यातून पगार घेत. पण आमच्या घरात बँडवाल्याला कलावंत म्हणण्याची रीत नव्हती. संस्थाने विलीन झाली. गवयांना आकाशवाणी, विद्यालये, शिकवण्या मिळाल्या. बँडवाल्यांच्या वाट्याला लग्नसराई आली. आम्ही त्यांना रस्त्यावर ऐकले, बैठकीत कधी बोलावले नाही.

पंधरा वर्षांपूर्वी एका बँडवाल्याचा मुलगा माझ्याकडे शिकावयास आला होता. क्लॅरिनेटवर त्याने मला सत्तरच्या दशकातले एक गाणे ऐकवले. त्याची मींड अशी होती की माझ्या वर्गात तशी कोणाची नव्हती. मी म्हणालो, “ही गाणी सोड, मग भूप शिकवतो.” तो नमस्कार करून गेला, पुन्हा आला नाही. भूप मला त्या गाण्यातूनच शिकवता आला असता, हे कळावयास मला फार उशीर झाला.

बालाघाटच्या त्या गल्लीत वरात संपल्यावर मी बँडमास्तरांजवळ गेलो. मुलगा काय करतो, असे विचारले. क्लॅरिनेटचे तोंड पुसत ते म्हणाले, “गुरुजी, पोरगं डीजेवर जाते. तिथं फुंकाचं काम नाही, बटन दाबाचं काम हाय. छाती तर वाचते!” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला लागले.

आपल्या शहरात संगीत विद्यालये थोडी नाहीत. त्यांतल्या किती ठिकाणी क्लॅरिनेट शिकवतात? लग्नाच्या मोसमाबाहेर बँडवाल्याला एखाद्या संध्याकाळी सतरंजीवर बसवून, मानधन देऊन, किती मंडळे ऐकतात? लग्नघरांनी डीजे आणि बँड दोन्ही सांगून बँडला मुके करण्यापेक्षा एकच सांगावे, आणि शक्य तर बँड सांगावा. माझ्यापुरते मी ठरवले आहे. येत्या सत्रापासून आठवड्यातला एक दिवस माझा वर्ग बँडवाल्यांच्या मुलांसाठी उघडा राहील. आणि पहिला धडा त्यांनी आणलेल्या गाण्याचा असेल.